"पित्त" आणि के२१.९

भोकर म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्यांना लोणचं आठवतं. मी म्हणतोय ते नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. लोणच्याने होणारी जळजळ मात्र सगळीकडे सारखीच, आणि तिला नावही एकच: "पित्त". दवाखान्यात गेलं की चिठ्ठीवर "ॲसिडिटी", खाली गोळी. संपला विषय!

माझ्या मते घोळ इथंच सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीत नुसती छातीतली जळजळ हे लक्षण आहे, कोड आर१२. आम्ल अन्ननलिकेत उलटून येण्याचा आजार म्हणजे के२१. अन्ननलिकेला सूज असेल तर के२१.०, नसेल तर के२१.९. अमेरिकेने ऑक्टोबर २०२० पासून सुजेचेही दोन भाग केले, रक्तस्राव नसलेली आणि असलेली.

आता गंमत बघा. सूज आहे की नाही हे डॉक्टरांनी लिहिलंच नाही, तरी कोड के२१.९च पडतो. म्हणजे "दुर्बिणीने पाहिलं, सूज नाही" आणि "पाहिलंच नाही" हे दोन्ही एकाच डब्यात! आमच्या धंद्यात 'नल' आणि 'शून्य' यांची अशी गल्लत केली तर टेस्टर डोक्यावर बसतो.

कोडिंग करणारा बिचारा कागदावर असेल तेच टाकणार. फार लिहायला नको हो: त्रास किती दिवसांचा, गिळताना अडकतं का, वजन घटलंय का, दुर्बिणीची तपासणी झाली का, आणि छातीत दुखत असेल तर ईसीजी काढला का. पाच ओळी. भोकरचा पेशंट नांदेडला गेला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हृदयविकाराचं दुखणं "पित्त" म्हणून अंगावर काढणारे आपल्याकडे कमी नाहीत. तिथे ती शेवटची ओळ जीव वाचवू शकते.

"ओपीडीत एवढी गर्दी, लिहायला वेळ कुठाय?" मुद्दा खरा आहे. मग छापील चौकटी ठेवा, टिकमार्क करा. पण क्लेम पास व्हावा म्हणून आजार वाढवून लिहिणं नको. तो शिक्का पुढच्या विमा अर्जातही पेशंटच्याच मागे लागतो.

आणि मंडळी, आपणही मागायला शिकू या. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी ३ वर्षं जपायचे असतात, आणि मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. हक्काचे आहेत, घ्या. त्यावर नुसतं "ॲसिडिटी" असेल तर नम्रपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, हे पाहून लिहिलंय की न पाहता?"