बोळे कानात, थिनर नाकात

कान जातो तो आवाजाने. रसायनाने जाईल तर फुफ्फुस जाईल, कातडी जाईल, थिनरचा आणि कानाचा संबंध काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीतल्या कामगारांच्या बहिरेपणाचा विषय काढला की हा आक्षेप येतो. तो तर्काला धरून वाटतो, पण साफ चुकीचा आहे.

थिनर म्हणजे द्रावकच. टोल्युइन, झायलीन, स्टायरिन ही द्रावकं श्वासातून रक्तात उतरतात आणि रक्तावाटे आतल्या कानातल्या शंखाकृती नळीपर्यंत पोचतात. तिथल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात, त्या मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांतून हे 1980 च्या दशकातच दिसलं होतं. माणसांचा पुरावा हवा असेल तर 1986 साली प्रसिद्ध झालेली स्वीडनमधली पाहणी घ्या. कामगारांचे कान 20 वर्षं तपासत गेल्यावर रासायनिक विभागातल्या 23 टक्के लोकांची श्रवणशक्ती घटलेली आढळली. इतर विभागांत हेच प्रमाण 5 ते 8 टक्के होतं, आणि आवाज त्या इतर विभागांतच जास्त होता! आवाजाशिवाय बहिरेपण नाही, असं म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचं उत्तर द्यावं.

आवाज आणि द्रावक एकत्र आले की नुकसान आणखी वाढतं. ब्राझीलच्या छपाई कारखान्यांत 1993 च्या अभ्यासात नुसत्या आवाजात काम करणाऱ्यांना बहिरेपणाचा धोका चौपट, तर आवाजाबरोबर टोल्युइनही हुंगणाऱ्यांना जवळजवळ अकरापट आढळला. वयाचा हिशेब धरूनच हे गुणोत्तर काढलेलं आहे, म्हणजे ‘वय झालं की ऐकू कमी येणारच’ ही पळवाटही बंद होते.

दुसरा बचाव असा की कामगारांना कानाचे बोळे दिले आहेत, आणखी काय करायचं? फायबरच्या होडीचं काम डोळ्यांपुढे आणा. काचतंतूची मॅट पसरायची, वरून ब्रशने किंवा रोलरने रेझिन भरायचं. त्या रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते सुकेपर्यंत हवेत उडत राहतं. शेजारी ग्राइंडर चालू. बोळा ग्राइंडर अडवील. स्टायरिन नाकातून जातं, त्याला बोळा काय करणार? तोंडाला बांधलेला रुमालही वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. पोलंडमध्ये याच प्रकारच्या नौकाबांधणीतल्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा स्टायरिनमुळे श्रवणदोषाची शक्यता सुमारे चौपट वाढलेली दिसली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर फायबरचं काम करणाऱ्या माणसाचा कान काही वेगळ्या मातीचा नाही.

मग कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तक्त्यात स्टायरिनची मर्यादा दशलक्ष भागांत 50 भाग आणि टोल्युइनची 100 भाग अशी होती. आवाज सोबत असेल तर ती कमी करावी, असं त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्याजोग्या रोगांमध्ये बहिरेपण होतं, पण फक्त आवाजाने आलेलं. 2020 च्या कामगार-सुरक्षेच्या नव्या संहितेतही तेच कायम राहिलं. युरोपने 2003 च्या निर्देशात आवाजाची जोखीम ठरवताना कानाला घातक रसायनांचाही विचार मालकावर बंधनकारक केला. आपण अजून आवाजाशीच थांबलो आहोत, त्यामुळे द्रावकाने कान गेलेला माणूस सरकारी नोंदीत येतच नाही. आणि नोंद नाही म्हणून रोग नाही, असं आपल्याला पुन्हा ऐकवलं जातं.

राहिला शेवटचा मुद्दा: एवढं ताणलं तर कारखाने जातील, पोरं पुन्हा मुंबईची वाट धरतील. रोजगाराची ही काळजी खरी आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे. पण मागणी कारखाने बंद करण्याची नाहीच. वाफ जिथे निघते तिथेच ओढून घेणारे पंखे, योग्य मुखवटे, थिनरने हात धुण्यावर बंदी आणि वर्षातून एकदा कानाची तपासणी, याने कुठला कारखाना बुडतो? मार्च आणि एप्रिल 2021 मध्ये लोट्यात स्फोट होऊन कामगार गेले. अशा वसाहतीत धोक्याचा भोंगा ऐकू येणं हा जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून द्रावक हाताळणाऱ्या प्रत्येकाची श्रवणतपासणी आवाज कमी असला तरी व्हावी, आणि द्रावकजन्य बहिरेपण अनुसूचीत यावं. खेड, चिपळूण आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तोवर थांबू नये. कान दाखवायला आलेल्या माणसाला वय विचारता, तसंच तो कामावर काय हुंगतो हेही विचारा आणि केसपेपरवर लिहून ठेवा.