दोन ऑफिस, दोन फोन सिस्टिम: आधी नंबर बदला, मग जोडणी करा



समजा, पुण्यात तुमचं ऑफिस आहे, नाशिकला गोडाऊन, आणि दोन्हीकडे वेगवेगळी ईपीएबीएक्स. या सिस्टिम एकमेकींना जोडतात कशा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत दाखवलं आहे. इथे फक्त माझं मत सांगतो, कदाचित तुमच्या व्हेंडरला ते आवडणार नाही: जोडणीआधी एका बाजूचे एक्स्टेन्शन नंबरच बदलून टाका.

का, ते बघा. दोन्हीकडे एक्स्टेन्शन २०१ पासून सुरू होतात. व्हेंडर म्हणतो, "काही अडचण नाही, नाशिकसाठी आधी ८ दाबा." पुण्यातून ८२०५ लावलं की पुण्याची सिस्टिम ८ काढते आणि २०५ पुढे पाठवते. डेमोत छान चालतं. पण नाशिकच्या फोनवर कॉल कोणाचा दिसतो? नुसता २०३. तो माणूस परत २०३ लावतो आणि वाजतो त्याच्याच शेजारच्या टेबलावरचा फोन! म्हणजे आता फोन करणाऱ्याच्या नंबरापुढेही आकडा जोडायचा. उद्या तिसरी शाखा निघाली की आणखी नियम.

त्यापेक्षा पुण्याला २०१ ते २९९ द्या, नाशिकला ३०१ ते ३९९. सिस्टिमला एवढंच सांगायचं: २ ने सुरू होणारा नंबर पुण्याचा, ३ ने सुरू होणारा नाशिकचा. काही काढायचं नाही, काही जोडायचं नाही.

"लोकांना जुन्या नंबरांची सवय आहे हो!" मान्य. पण वीस-पंचवीस फोनांचे स्टिकर एका दुपारी बदलून होतात आणि कुरकुर आठवडाभरात थांबते. भलतीकडे गेलेला ग्राहकाचा कॉल मात्र परत येईलच असं नाही. शेकडो फोन असतील, किंवा हॉटेलसारखं रूम नंबर हेच एक्स्टेन्शन असेल, तर कोड वापरावाच लागेल. छोट्या धंद्याला त्याची गरज नाही.

बाहेरच्या कॉलसाठी मात्र आकडे जोडावे लागतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. तो ० सिस्टिमलाच जोडू द्या, पण एकाच ठिकाणी: ज्या सिस्टिममधून कॉल बाहेर पडतो तिथे. दोन्हीकडे जोडला तर नंबर चुकलाच म्हणून समजा.

आता दोन धोके. पहिला, "नंबर सापडला नाही तर पलीकडे पाठव" हा नियम दोन्हीकडे असणं. मग एक चुकीचा नंबर चेंडूसारखा इकडून तिकडे फिरतो आणि प्रत्येक फेरीत एक चॅनेल अडवतो. पीआरआय लाइनवर चॅनेल असतात ३०. एवढ्याशा चुकीने सगळी लाइन बिझी! म्हणून पलीकडच्या ठरलेल्या नंबरांनाच वाट द्या.

दुसरा धोका जिवाशी खेळणारा आहे. खर्च वाचवायला नाशिकचे सगळे बाहेरचे कॉल पुण्याच्या लाइनवरून काढले, आणि गोडाऊनमध्ये आग लागली. घाबरलेला कामगार ११२ लावतो. आधी बाहेरच्या लाइनसाठी ० दाबायचा, हे त्याला त्या क्षणी आठवणार नाही. आठवलं तरी कॉल पुण्याच्या नंबरावरून जाणार, आणि त्या लाइनचा पत्ता पुण्याचा. म्हणून ११२ कुठलाही कोड न लावता, त्याच जागेच्या लाइनवरून गेलाच पाहिजे. १ ने सुरू होणारे एक्स्टेन्शनही ठेवू नका.

व्हेंडर येण्याआधी एका कागदावर लिहा: कुठला नंबर कुठे जाणार, कुठे काय जोडणार, ११२ कुठून निघणार. त्यावर त्याच्याशी चर्चा करा आणि काम झाल्यावर कागद स्वतःच्या फाइलला लावा. व्हेंडर उद्या बदलेल, पण धंदा तुमचाच राहणार आहे.