नव्या वाचनालयात माणसांना जागा हवी

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची नवी इमारत होणार म्हटल्यावर पहिला प्रश्न आला: पुस्तकं मोबाइलवर मिळतात, मग एवढी जागा कशाला? देवघेव सांभाळणारी मी यावर टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचं उदाहरण देते. तिथे बेअर काउंटीने २०१३ मध्ये ‘बिब्लिओटेक’ उघडलं. कागदी पुस्तक एकही नाही. ई-पुस्तकं घरबसल्या उतरवता येतात, तरी इमारत उभारलीच, आणि तीही शहराच्या दक्षिण भागात, जिथे कित्येक घरांत इंटरनेट नव्हतं. आत संगणकांच्या रांगा, घरी न्यायला ई-रीडर आणि ते शिकवणारी माणसं.

म्हणून कपाटं कमी झाली तर ती जागा भाड्याच्या सभागृहाला नको, अभ्यासिकेला द्या. प्रत्येक टेबलाशी प्लग हवा, आणि भारनियमनातही वाय-फाय चालावं एवढा इन्व्हर्टर. देवघेवीचं टेबल दाराशीच ठेवा. सत्तरीतल्या आजींना ई-पुस्तक उघडून द्यायला तिथे कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. जुन्या दिवाळी अंकांची कपाटं मात्र मी हलवू देणार नाही. त्यांतले बरेच अंक अजून स्कॅनही झालेले नाहीत.