केशवराव कोरटकरांची उर्दू आणि आमची कानडी

हैदराबादेत जांबागेतील विवेकवर्धिनीचे नाव सीमाभागातील जुन्या पिढीस ठाऊक आहे. तिच्यामागील विचार मात्र आपण विसरलो. केशवराव कोरटकर पेशाने वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. निजामी न्यायालयांचा व्यवहार उर्दूत चाले. त्यांची कमाई आणि प्रतिष्ठा त्या भाषेच्या आश्रयानेच वाढली. तरीही गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय (१९०७) आणि हैदराबादची विवेकवर्धिनी उभारण्यात ते अग्रभागी होते. राजभाषा अवगत असणे आणि मुलाने मातृभाषेतून शिकणे, यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. परक्या इंग्रजीतून शिकणारा विद्यार्थी पाठांतरात अडकतो, ही त्यामागील भूमिका आम्हांस आजही मान्य आहे. परंतु इंग्रजीच्या जागी उर्दू आली, आणि मराठी, तेलुगू, कानडी मुलांचा प्रश्न होता तिथेच राहिला.

आज बिदर-भालकीकडे पालकांना सांगितले जाते की, मराठी शाळेतले मूल कानडीत मागे पडेल. कानडी उत्तम शिकवावी, त्यासाठी चांगले शिक्षक द्यावेत, ही तर आमचीच मागणी! गणित आणि विज्ञान मात्र मुलास आईच्या भाषेत कळू द्यावे.

एक कडू गोष्ट आपल्याच घरातली. आमच्या निवेदनांवर सह्या करणारे कित्येक जण सकाळी आपले मूल इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून येतात. मराठी शाळेचा पट तिथेही घटतो, आणि त्याबद्दल कोणत्याही सरकारला दोष देता येत नाही.