ठराव झाले, पाणी कुठे आहे?

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला, महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि तरीही त्या पाण्याला अस्पृश्यांची ओंजळ लागावी म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो अनुयायांसह त्या तळ्यावर जावे लागले. कागदावरचा हक्क हातात पडेपर्यंत हक्क नसतो, हा धडा ज्या नगरीने देशाला दिला, त्याच महाडात आणि शेजारच्या पोलादपुरात स्वमग्न मुलांच्या बाबतीत तोच अपराध आज तितक्याच निर्विकारपणे चालू आहे. ठरावांची रास पडली आहे. पाणी नाही.

ती रास केवढी आहे, तेही पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला एकवीस दिव्यांगत्वांच्या यादीत स्थान दिले. त्याच कायद्याचे २५ वे कलम, ठरवून दिलेल्या उत्पन्नमर्यादेत, घराजवळ आणि विशेषतः ग्रामीण भागात मोफत आरोग्यसेवा द्या, प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा तरी तपासणी करा, असे शासनाला बजावते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा नारळ २०१३ साली फुटला तो याच कोकणपट्टीत, पालघरला. त्याची तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावीत असा नियम आहे. २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढून महाराष्ट्राने देशात पहिले असल्याचा दावा मिरवला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत, असा दंडक आहे. आता सांगा, विन्हेरे, वरंध, कापडे, देवळे येथल्या आईच्या पदरात यातले काय पडले?

तिच्या पदरात पडतात ते सल्ले. दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, आलेले चार शब्दही हरवून बसते, तेव्हा घरातली वडीलधारी सांगतात की मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता. शेजारी देवऋषाचा पत्ता देतात, मग गाऱ्हाणे होते, नवस होतो. मेंदूच्या वाढीची सर्वांत मोलाची वर्षे अशी उधळली जातात, आणि सहाव्या वर्षी शाळा म्हणते, हे मूल आमच्याकडे नको. जिल्ह्याचे सरकारी उपचार गाठायचे तर अलिबाग, पोलादपूरहून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. पुण्याला जायचे तर वरंध घाट, जो कित्येक पावसाळ्यांत बंद असतो. आठवड्यातून अनेक तास, महिनोन्महिने चालणारी शिकवण ज्या मुलाला हवी, त्याला महिन्यातून एकदा घाट चढायला लावणे याला सेवा म्हणत नाहीत. याला टोलवाटोलवी म्हणतात.

ही शिकवण म्हणजे काय, तेही कोणी नीट सांगत नाही. एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण, ही गोळी नव्हे आणि मंत्रही नव्हे. तहानलेले मूल किंचाळते. किंचाळण्याआधी काय घडले, नंतर त्याला काय मिळाले, हे टिपायचे. मग पेल्याकडे बोट दाखवणे, चित्र हातात देणे, ‘पाणी’ म्हणणे अशा लहान पायऱ्या पाडून प्रत्येक पायरीला तत्काळ शाबासकी द्यायची आणि प्रगतीची रोज नोंद ठेवायची. १९८७ साली कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी आठवड्याला चाळीस तासांच्या अशा शिकवणीने एकोणीसपैकी नऊ मुले सामान्य शाळेत रुळल्याचे मांडले आणि जगभर आशा पसरली. पण मुलांची निवड चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती म्हणून त्या प्रयोगावर आक्षेप आले. याच पद्धतीच्या आरंभकाळात चापट्या आणि विजेचे झटकेही वापरले गेले, आणि मोठे झालेले अनेक स्वमग्न लोक आज त्या जाचाची साक्ष देतात. मुलाला आज्ञाधारक बाहुले बनवणे हा उपचार नव्हे. छळ आहे.

आणि शासन जिथे जागा मोकळी सोडते तिथे दुकान थाटले जातेच! ‘सहा महिन्यांत बरा करू’ अशी हमी देणारा, दार लावून घेऊन आईला बाहेर बसवणारा, निरुपद्रवी हात हलवण्यासाठीही मुलाला दटावणारा, उद्दिष्टे लेखी न देणारा मनुष्य कितीही पदव्या मिरवो, त्याच्या उंबऱ्यावरून परत फिरा. अमेरिकेतील ज्या मंडळाचे प्रमाणपत्र या शाखेत प्रमाण मानतात, त्याने २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतील नवे अर्ज घेणे थांबवले आहे. तेव्हा पाटीवरच्या इंग्रजी अक्षरांना भुलू नका. मानसतज्ज्ञ, विशेष शिक्षक, वाचातज्ज्ञ यांच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, कोणाच्या देखरेखीखाली शिकलात ते विचारा, दर तीन महिन्यांनी प्रगतीचा आढावा मागा. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. तो तुम्हालाच घरी शिकवायला शिकवतो.

‘तज्ज्ञच मिळत नाहीत’ हे अधिकाऱ्यांचे ठरलेले रडगाणे. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. गोवा आणि रावळपिंडी येथे झालेल्या, २०१६ साली ‘लॅन्सेट सायकायट्री’त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांना मुलाशी संवाद साधायला शिकवले, ती पद्धत एबीए नव्हती, पण मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. गोव्याला जे जमले ते पोलादपूरला जमत नाही, ते माणसांच्या अभावी नव्हे. लाजेच्या अभावी.

म्हणून आमची मागणी नि:संदिग्ध आहे. महाड आणि पोलादपूर या दोन्ही ग्रामीण रुग्णालयांत आठवड्याचा ठरलेला वार लावून प्रशिक्षित मनुष्य बसवा. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना लक्षणे ओळखायला शिकवा. गेल्या वर्षी किती मुले तपासली, किती संशयित आढळली, किती पुढे पाठवली, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी फलकावर लावावे; पाच टक्के निधी कुठे गेला, हे नगरपरिषदेने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने ग्रामस्थांसमोर मांडावे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यांनी फलक आणि हारतुरे पुरे करून दोन शिक्षकांचे पगार द्यावेत.

आणि आईबापहो, मूल हाकेला वळत नसेल तर कोणाच्या धीर देण्यावर विसंबून एक महिनाही दवडू नका. तपासणीचा अर्ज लेखी द्या. पोच घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नका.