साक्षीदार फितवू नका!

"टेस्ट लाल झाली? २००च्या जागी ३०१ लिही की, होईल हिरवी!" हा सल्ला आमच्या धंद्यात चहा मागवावा इतक्या सहज दिला जातो. माझ्या मते ही शुद्ध लबाडी आहे, आणि आज त्यावरच बोलायचंय.

इथे येणाऱ्या काका-मावशांसाठी आधी थोडक्यात सांगतो. वेबसाईटच्या एखाद्या पत्त्यावर गेलं की सर्व्हर एक आकडा परत देतो. २०० म्हणजे "या, बसा". ४०४ म्हणजे "या नावाचं इथे कोणी राहत नाही". ३०१ म्हणजे दारावरची पाटी, "आम्ही शेजारच्या गल्लीत गेलो आहोत". जँगो नावाचं एक फ्रेमवर्क आहे (२००५ साली खुलं झालं, जन्म अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत). त्यात टेस्ट क्लायंट असतो. तो ब्राउझर न उघडता, सर्व्हर न चालवता पत्त्यावर जाऊन येतो आणि मिळालेला आकडा सांगतो. म्हणजे साक्षीदारच म्हणा ना.

आता हा साक्षीदार २००ऐवजी ३०१ सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा कारण असतं शेवटचा स्लॅश. पत्ता "/नोंदणी/" असा ठरवलेला, आणि टेस्टमध्ये लिहिलंय "/नोंदणी". जँगो समजूतदारपणे स्लॅश लावून पुढे पाठवतो. इथे आमचे शहाणे काय करतात? आकडा बदलतात, किंवा "फॉलो=ट्रू" लावून मोकळे होतात. मग क्लायंट पाटी वाचून पुढच्या गल्लीत जातो, २०० आणतो, सगळे खूश!

पण नोंदणीचा फॉर्म पोस्टने पाठवला असेल तर? ३०१ आल्यावर ब्राउझर पुढच्या पत्त्यावर साध्या गेटने जातो, आणि टेस्ट क्लायंटही तेच करतो. भरलेला फॉर्म मागच्या खिडकीवरच राहिला, माणूस रिकाम्या हाताने पुढच्या खिडकीवर. तिथे त्याला कोरा फॉर्म मिळतो, आणि टेस्ट म्हणते "२००, उत्तम"! डेटाबेसमध्ये एक ओळही गेलेली नसते. गंमत म्हणजे डीबग चालू असताना जँगो अशा पोस्टवर चक्क एरर फेकतो. पण टेस्ट चालवताना तो डीबग आपणहून बंद ठेवतो. तेव्हा तो लाल ३०१ हाच काय तो शेवटचा इशारा, आणि आपण त्याचंच तोंड दाबतो.

"पण रीडायरेक्ट हवाच असेल तर?" बरोबर आहे. मग "असर्ट-रीडायरेक्ट्स" वापरा. ते नुसता आकडा नाही, कुठे पाठवलं तेही तपासतं.

बाकी वेळी आधी उत्तरातलं "लोकेशन" छापून बघा. एका ओळीचं काम आहे. फक्त स्लॅश वाढलाय? पत्ता हाताने न लिहिता "रिव्हर्स"ने नावावरून काढा, आणि टेम्प्लेटमधल्या फॉर्मचा पत्ताही तसाच करा, नाहीतर टेस्ट सुधारेल आणि साईट तशीच राहील. लॉगिनच्या पानाकडे ३०२ आहे? मग टेस्टमधला पाहुणा आत शिरलेलाच नाही, "फोर्स-लॉगिन" करा. पत्ता तोच, पण एचटीटीपीएस झालाय? सेटिंगमधली सक्ती बघा, आणि विनंती "सिक्युअर=ट्रू" देऊन करा. आणि पोस्टच्या टेस्टमध्ये आकड्यावर थांबू नका, नोंद खरंच झाली का ते डेटाबेसला विचारा.

"वेळ नाही हो" हे मला पटत नाही. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात. कुणीतरी रात्री बसून भरलेला फॉर्म कुठे गेला हे महिन्याभराने शोधायला मात्र दिवस जातात, आणि तो फॉर्म तरीही परत मिळत नाही.