मोबदल्याची तारीख

कारागिराला पैसे कधी मिळतात, हा हातकापडाच्या व्यापारातला कळीचा प्रश्न आहे. बांगलादेशात फजले हसन आबेद यांच्या ‘ब्रॅक’ या संस्थेने १९७०च्या दशकात माणिकगंज भागातल्या गरीब स्त्रियांना रेशीम उत्पादनाकडे वळवले. माल तयार होई. पण ढाक्यातले मोजके दुकानदार तो उधारीवर ठेवून घेत आणि पैसे काही महिन्यांनी देत. हातावर पोट असलेल्या घराला हे कसे परवडावे? १९७८मध्ये संस्थेने ‘आरोंग’ हे स्वतःचेच दुकान काढले ते यासाठी: माल हाती येताच मोबदला चुकता.

तिथे विकली जाणारी नक्षी कांथा ही मुळात आपल्या गोधडीची सख्खी बहीण. जुन्या साड्यांचे थर, त्यांवर धावदोरा, काठांतून उसवून काढलेले रंगीत धागे. ही घरगुती वस्तू बाजारात आणायची तर नवे कापड, पक्के रंग, ठरावीक मापे आणि तपासणी आलीच. ही शिस्त जाचक वाटते खरी, पण तिच्याशिवाय गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही.

जामदानी विणकामाचे गणित वेगळे. शीतलक्षा नदीकाठी उस्ताद आणि शागीर्द खड्डामागावर शेजारी बसून एकेक बुट्टा हाताने भरतात. दाट नक्षीच्या साडीला कित्येक महिने लागतात. २०१३मध्ये युनेस्कोने या विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. यंत्रमागावरची स्वस्त नक्कल त्याने थांबत नाही. विक्रेत्याने किमतीच्या चिठ्ठीवर मजुरीचा वाटा छापला तर फरक गिऱ्हाइकाला निदान कळेल. तेवढी तयारी मात्र थोड्यांचीच असते.